एक टॅब, आठ हात आणि वाटीभर निळी रांगोळी

शाळा नवी मुंबईत ऐरोलीच्या बाजूची, महापालिकेची, मराठी माध्यम. वर्ग सातवीचा, पट ३२. साधारण अर्धी पोरं गावठाणातली, आगरी-कोळी घरांतली, म्हणजे खाडी यांच्या मागच्या दारातच आहे. उरलेली रबाळे-दिघ्याकडच्या वस्त्यांमधली, आईवडील एमआयडीसीत नाहीतर बांधकामावर, मूळ गाव परभणी, जालना, बीड असं कुठलंतरी. मी शाळेत संगणक बघतो, भूगोल बाईंकडे आहे, आणि हे प्रकरण, म्हणजे पोरांनी टॅबवर भरती-ओहोटीचे छोटे सिनेमे केले ते, आमच्या दोघांच्या तासांचं मिळून झालेलं आहे.

टॅब एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकामाच्या निधीतून, मिळालेले, आठ इंची, अँड्रॉइडवाले, दहा आले त्यातले दोन पहिल्याच वर्षी गेले. उरले आठ. म्हणजे चार पोरांत एक. आता हा आकडा ऐकला की सगळे हळहळतात, पालकसभेत पण एका बाबांनी विचारलंच की प्रत्येकाला एक का नाही देत. मला स्वतःला हे प्रकरण झाल्यापासून चारात एक हाच आकडा बरोबर वाटायला लागलाय, आणि ते का ते सांगायलाच हे सगळं लिहितोय.

आधी पहिल्या सत्रात काय झालेलं ते. वरून प्रशिक्षण झालं होतं, त्यात नमुना प्रकल्प दिला होता, प्रेझेंटेशनच्या अ‍ॅपमध्ये 'पाणी वाचवा'. तयार टेम्प्लेट, तयार चित्रं, आपण फक्त मजकूर टाकायचा. आठही ग्रुपनी केलं, वेळेत केलं, दिसायलाही एकदम झकास. आणि आठही सारखे. सहा जणांनी तर तोच निळ्या थेंबवाला टेम्प्लेट घेतला होता आणि नळाखाली हात धरलेलं तेच परदेशातलं गोरं पोर. पण त्याहून वाईट म्हणजे बाईंनी मागे उभं राहून जे बघितलं ते, की प्रत्येक ग्रुपमध्ये एकजण करतोय, दुसरा त्याला 'इकडे दाब, इकडे दाब' सांगतोय आणि दोघं खिडकीबाहेर. करणारा तोच ज्याच्या हातात घरी फोन असतो, आणि तो बहुतेक वेळा मुलगा. मुलींच्या हातात टॅब आला तो फक्त बंद करून कपाटात ठेवताना. बाईंचं वाक्य होतं, सर, हा प्रकल्प आठ पोरांनी केला, बत्तीस जणांनी नाही.

त्यावर आम्ही दोघांनी जो विचार केला तो असा की अ‍ॅप निवडताना आपण नेहमी फीचर बघतो, काय काय करता येतं, रेटिंग किती, फुकट आहे का. त्याऐवजी हे बघूया की या अ‍ॅपला एकावेळी किती हात लागतात. प्रेझेंटेशनला एक बोट लागतं. ई-पुस्तक बनवायच्या अ‍ॅपला फार तर दोघं, एक लिहिणारा आणि एक चित्र काढणारा, आणि ते पण आळीपाळीने. स्क्रॅच ज्युनियर, म्हणजे ठोकळे जोडून मांजर हलवायचं कोडिंगचं अ‍ॅप, मी उघडून दाखवलं, ते पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी बनवलेलं आहे, आमच्या पोरांनी त्या मांजराला दहा मिनिटं नाचवलं आणि मग 'सर हे बालवाडीचं आहे' म्हणून परत दिलं, बरोबरच होतं त्यांचं. आणि यूट्यूबवर शिक्षकांचे जे भारी भारी वर्गप्रयोग दिसतात त्यातले बरेचसे आयमूव्ही (व्हिडिओ जोडायचं) नाहीतर गॅरेजबँडवर (संगीत करायचं) केलेले असतात, ती दोन्ही फक्त अ‍ॅपलच्या उपकरणांवर चालतात, आमच्या टॅबला त्याचा उपयोग शून्य.

मग स्टॉप मोशनवर आलो. वस्तू थोडी हलवायची, फोटो काढायचा, परत थोडी हलवायची, परत फोटो (असा एकेक फोटो म्हणजे एक फ्रेम), आणि सगळे फोटो भराभर दाखवले की वस्तू आपोआप हलतेय असं वाटतं. स्टॉप मोशन स्टुडिओ नावाचं अ‍ॅप आहे, फुकटातलं व्हर्जन शाळेला पुरतं. नेट लागत नाही, लॉगिन लागत नाही. हे लॉगिनचं लोक हलक्यात घेतात, पण सातवीची पोरं बारा-तेराची, गुगलचं स्वतःचं खातं उघडायला आपल्याकडे वय १३ लागतं, आणि २०२३ च्या डिजिटल डेटा संरक्षण कायद्यात तर १८ खालचं प्रत्येकजण मूलच, त्याची माहिती घ्यायला पालकांची संमती हवी. बत्तीस पालकांच्या सह्या गोळा करण्यापेक्षा लॉगिन न मागणारं अ‍ॅप शोधणं कधीही सोपं.

आणि मुख्य म्हणजे याला चार जण लागतातच. एक वस्तू हलवणार. एक फोटो टिपणार. एक नुसता फ्रेमकडे बघणार, कोणाचा हात किंवा सावली आत राहिली का, आणि जोरात ओरडणार 'हात बाहेर!'. आणि एक वहीत लिहिणार, कितवी फ्रेम, काय हलवलं, किती हलवलं. यातला एकजण खिडकीबाहेर बघायला लागला की काम तिथेच अडतं, आणि मग बाईंना ओरडावं लागत नाही, बाकीचे तिघंच ओरडतात.

विषय बाईंनी निवडला, सातवीच्या भूगोलातला भरती-ओहोटीचा धडा. मला आधी वाटलं फार कोरडा आहे, पोरांना गोष्टबिष्ट हवी असते. पण बाईंचं म्हणणं होतं की गोष्ट पोरं कशीही हलवतील, वाघ इकडून आला काय नि तिकडून आला काय, भरतीचं पाणी मात्र कुठे हलवायचं ते माहीत असल्याशिवाय हलवताच येणार नाही. हे वाक्य पुढे शंभर टक्के खरं ठरलं.

ग्रुपना नावं पोरांनीच दिली, जिताडा, बोईट, निवटी, चिंबोरी, कोळंबी वगैरे, जेवणाच्या ताटातली अर्धी यादी. एका ग्रुपचं नाव रोहित, म्हणजे क्रिकेटवाला का फ्लेमिंगो (त्याला मराठीत रोहित म्हणतात) यावर शेवटपर्यंत त्यांच्यातच एकमत नव्हतं.

फ्रेम म्हणजे काय हे समजवायला मी फाळक्यांचं उदाहरण दिलं. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये, पहिला मोठा सिनेमा काढायच्या आधी, कुंडीतलं वाटाण्याचं रोप उगवताना थोडं थोडं शूट करून पडद्यावर भराभर वाढवून दाखवलं होतं, ते बघून लोक पैसे घालायला तयार झाले. म्हणजे आपण जे करणार आहोत ते शंभर वर्षांपूर्वी आपल्याच माणसाने केलेलं आहे, आणि तेही टॅबशिवाय. त्यावर मागून प्रश्न आला, 'सर मग त्यांचं चार्जिंग?' असो.

मग हिशेब. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम असतात. तेवढ्या घेतल्या तर अर्ध्या मिनिटाला ७२० फोटो, म्हणजे सत्र संपेल पण भरती यायची नाही. सेकंदाला ६ ठेवल्या, थोडं धक्के खात चालतं पण कळतं, अर्ध्या मिनिटाला १८० फोटो. हा गुणाकार पोरांनी फळ्यावर केला आणि '६ च बरं' हा निर्णयही त्यांचाच. अ‍ॅपमध्ये आधीच्या फ्रेमची पुसट सावली नव्या फ्रेमवर दिसते, ओनियन स्किन म्हणतात त्याला, ती चालू ठेवली की वस्तू किती सरकली ते कळतं. हे एक फीचर सोडून बाकी काहीच शिकवलं नाही मी. इफेक्ट, थीम, वगैरे वगैरे ज्यांना सापडलं त्यांना सापडलं.

टॅब वरून खाली बघत राहायला हवा आणि अजिबात हलायला नको. स्टँडसाठी पैसे नव्हते. शिपाई मामांनी सुचवलं की दोन बाक समोरासमोर आणा, मध्ये चार बोटं फट ठेवा, फटीवर टॅब आडवा टाका, कॅमेरा फटीतून खाली जमिनीकडे. बाकाखाली पोरं मांडी घालून बसली, जमिनीवर चित्र. तास संपला की बाकाच्या पायांभोवती खडूने खूण, म्हणजे दुसऱ्या दिवशी बाक त्याच जागी. आणि उजेड, हा मोठा त्रास. खिडकीतून ढग गेला की चित्र उजळ-काळं-उजळ असं फडफडतं. खिडकीकडची बाजू जुन्या बॅनरने झाकली, फक्त ट्यूबलाइटवर काम केलं आणि कॅमेऱ्याचं फोकस-एक्स्पोजर (म्हणजे उजेड किती घ्यायचा ते) लॉक केलं तेव्हा कुठे ते बऱ्यापैकी थांबलं. पूर्ण नाही थांबलं, व्होल्टेजचं आमच्याकडे जे आहे ते आहे.

पाणी कशाचं करायचं? क्ले महाग आणि बोटांना चिकटते, निळा जिलेटिन पेपर चकाकतो. एका मुलीने घरून निळी रांगोळी आणली. बेस्ट. पट्टीने सरकवता येते, जिथे ठेवू तिथे राहते, परत गोळा करता येते. प्रत्येक ग्रुपला एक वाटी रांगोळी, जास्त नाही, कारण पाकीट संपलं असतं. ही काटकसर पुढे किती कामाला येणार हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. (तोटा एवढाच की तीन टॅबच्या चार्जिंगच्या भोकात रांगोळी गेली, मामांनी दाढीच्या ब्रशने साफ केली.)

आता मुख्य भाग.

पहिल्या फेरीत पाच-सहा ग्रुपनी जे केलं ते असं, एका बाजूला जमीन, एका बाजूला समुद्र, आणि समुद्रातून एक भलीमोठी लाट उठते आणि जमिनीवर येते. झाली भरती. चिंबोरी ग्रुपने तर लाट एवढी उंच केली की तिच्याखाली बिल्डिंग गेली. बाईंनी विचारलं हे कुठे बघितलं, तर म्हणे पावसाळ्यात बातम्यांत सांगतात ना, आज साडेचार मीटर उंच लाटा उसळणार. आता ही पोरांची चूक नाहीच. तो आकडा लाटेच्या उंचीचा नसतोच मुळी, भरतीच्या वेळी पाण्याची पातळी किती चढणार त्याचा असतो, पण बातमीत दरवर्षी लाटा म्हणूनच येतो. गावठाणातल्या मुलाने लगेच सांगितलं, भरतीला लाट नसते, पाणी गुपचूप चढतं, जेट्टीच्या पायऱ्या एक एक करून जातात. हे त्याला जन्मापासून माहीत होतं आणि तरी त्याच्याच ग्रुपने लाट बनवली होती, कारण टॅब समोर आल्यावर त्याला बातम्यांतली भरती आठवली, दारातली नाही. मला वाटतं लिहून उत्तर दिलं असतं तर हे कधीच बाहेर आलं नसतं. 'चंद्राच्या गुरुत्वाकर्षणामुळे पाणी वाढते त्यास भरती म्हणतात' हे वाक्य सगळ्यांना पाठ होतं. रांगोळी हलवताना ते वाक्य उपयोगी पडत नाही, तिथे रांगोळी उचलून कुठेतरी ठेवावीच लागते.

मग बाईंनी सांगितलं की किनारा सोडा, वरून बघा, अख्खी पृथ्वी करा. पुठ्ठ्याची गोल चकती म्हणजे पृथ्वी, मध्ये टाचणी म्हणजे फिरेल, कडेला लाल टिकली म्हणजे ऐरोली, चंद्र म्हणजे कॅरमची पांढरी सोंगटी, आणि चकतीभोवती वाटीभर रांगोळी म्हणजे समुद्र.

निवटी ग्रुपने चंद्राकडच्या बाजूला रांगोळीचा फुगवटा केला, बाकी सगळीकडे पातळ. चकती तासाला १५ अंश फिरवायची, कोनमापक लावून, म्हणजे २४ फोटोंत एक दिवस. फिरवली. टिकली फुगवट्यात एकदा आली. एकदाच. तिथे त्यांच्यातली एक मुलगी, जी पहिल्या सत्रात टॅबला हातही लावत नव्हती, ती म्हणाली थांबा, आमच्याकडे पाणी दिवसातून दोनदा चढतं. टिपणारा म्हणाला पुस्तकात चंद्र एकच आहे. ती म्हणाली पुस्तकात असूदे, माझी आजी दोनदा बघते. हे भांडण जवळजवळ अख्खा तास चाललं, आणि बाई मध्ये पडल्या नाहीत, हे मला फार आवडलं, मी असतो तर दोन मिनिटांत उत्तर सांगून मोकळा झालो असतो.

उत्तर शेवटी रांगोळीतून निघालं. परभणीकडचा एक मुलगा आहे त्या ग्रुपमध्ये, समुद्र त्याने नवी मुंबईत आल्यावरच बघितला. त्याचा प्रश्न अगदी साधा होता की ओहोटीला पाणी जातं कुठं? गावठाणातल्या पोरांना हा प्रश्न कधी पडलाच नव्हता, जातं म्हणजे जातं. पण इथे रांगोळी वाटीभरच. एकीकडे फुगवटा करायचा तर दुसरीकडची कमी करायला लागते, नवीन मिळणार नाही. म्हणजे पाणी वाढत नाही, नुसतं इकडचं तिकडे होतं. हे त्यांना हाताने कळलं. मग पुस्तक परत उघडलं, तिथे आकृतीत दोन्ही बाजूंना फुगवटा आहेच, इतके दिवस नजर त्याच्यावरून जात होती. चंद्राकडच्या बाजूचं पाणी जास्त ओढलं जातं, पलीकडच्या बाजूला ओढ सगळ्यात कमी पडते म्हणून तिथेही पाणी फुगून मागे राहतं, आणि मधल्या दोन बाजू पातळ होतात, तिथे ओहोटी. परत २४ फ्रेम काढल्या. टिकली दोनदा बुडाली, दोनदा उघडी पडली. त्या मुलीने टाळी मागितली आणि टिपणाऱ्याने दिली.

बोईट ग्रुपचं वेगळंच झालं. त्यांनी रांगोळी चकतीच्या वरच टाकलेली, त्यामुळे चकती फिरवली की समुद्र पण तिच्याबरोबर फिरायचा आणि फुगवटा चंद्राकडे तोंड करून राहायचाच नाही. दर फ्रेमला परत सरकवायला लागायचा. कंटाळून त्यांनी रांगोळी चकतीच्या बाहेर कागदावर ठेवली आणि आत नुसती चकती फिरवली. आणि मग लिहिणाऱ्या मुलाने वहीत जे लिहिलं ते मी फोटो काढून ठेवलंय: 'पाणी आपल्याकडे येत नाही. आपण फिरत फिरत पाण्यात जातो.' एवढं स्वच्छ वाक्य मी स्वतः कधी लिहू शकलो नसतो.

याच ग्रुपने पुढे अजून एक शोध लावला. चकती फिरते तेव्हा चंद्र पण थांबलेला नसतो, तो दिवसाला साधारण १३ अंश पुढे जातो. सोंगटी तेवढी सरकवली, तर २४ फ्रेम झाल्यावर टिकली चंद्राखाली आलीच नाही, जवळजवळ अजून एक फ्रेम लागली. म्हणजे रोज भरती ५० मिनिटं उशिरा. पुस्तकात हे एका ओळीत आहे.

आणि इथे आजोबा आले. एका पोराचे आजोबा पूर्वी मासेमारीला जायचे, त्यांना विचारलं तर त्यांनी जुना हिशेब सांगितला की तिथी घ्यायची आणि पाऊणपट करायची, तेवढे वाजता भरती. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सहाच्या सुमाराला. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. पूर्वी शाळेत पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ करून घ्यायचे ती कशाला लागायची ते मला त्या दिवशी कळलं. पोरांनी लगेच भांडण लावलं की आजोबांचं दर तिथीला ४५ मिनिटं होतं आणि आपलं दिवसाला ५०. खरं बघायला गेलं तर पंधरा तिथींत भरती बारा तास सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं (तिथी दिवसापेक्षा थोडी छोटी असते), आणि तोंडी करायला ४८ पेक्षा पाऊण तास कितीतरी सोपा, तीन मिनिटांसाठी होडी कोणी अडवत नाही. शिवाय पंधरवडा संपला की तिथी परत एकपासून, त्यामुळे चूक साठत पण नाही. हा सगळा हिशेब फळ्यावर चालू असताना घंटा झाली आणि कोणी उठलं नाही. म्हणजे दोघं उठले, खिचडीची ताटं आणायला.

रोहित ग्रुपचं काम मात्र सगळ्यात देखणं. त्यांना फ्लेमिंगो हवेच होते. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये ती रामसर यादीत, म्हणजे पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आली, हे सगळं त्यांनी सुरुवातीला पाटीवर लिहून दाखवलंय. पण बाईंनी अट घातली की पक्षी शोभेला नकोत, भरतीशी त्यांचा संबंध दाखवा. तर त्यांनी दाखवलं की रांगोळी मागे गेली की खाली चॉकलेटी कागदाचा चिखल उघडा पडतो, मग गुलाबी कागदाचे पक्षी येतात आणि मान उलटी करून चोच चिखलात घालतात, पाणी चढलं की उडून जातात. पक्ष्यांचं वेळापत्रक भरती ठरवते. एक पक्षी राखाडी केलाय, ते पिल्लू, कारण गुलाबी रंग खाण्यातून हळूहळू चढतो. कडेला तिवरांची श्वासमुळं म्हणून आगपेटीच्या काड्या उभ्या, पाण्यात बुडतात, वर येतात. तीन सेकंदांचा शॉट आहे तो, पण कसला आहे.

भूमिका बदलायचा नियम होता, दर २० फ्रेमना सगळ्यांनी एक जागा सरकायचं. न सांगता हे होत नाही, ज्याच्या हातात टॅब आला तो सोडत नाही, म्हणून फ्रेमवहीत प्रत्येक विसाच्या पुढे टिपणाऱ्याचं नाव लिहायला लावलं. वही बघितली की कळतं. गंमत म्हणजे दुसऱ्या आठवड्यापासून टॅबपेक्षा हलवणाऱ्याच्या जागेला जास्त मागणी आली, कारण निर्णय तिथे होतो, टॅबवाला नुसतं बटण दाबतो. लिहायची जागा मात्र कोणालाच नको असते, शेवटपर्यंत नको होती, त्यावर मला उपाय सापडलेला नाही.

आवाजाचं थोडक्यात. वर्गात रेकॉर्डिंग अशक्य, एका बाजूला ठाणे-बेलापूर रोड आणि दुसऱ्या बाजूला पाचवीचे पाढे. खिचडीच्या सामानाच्या खोलीत तांदळाच्या गोण्यांमध्ये बसून केलं, गोण्या आवाज शोषतात, स्टुडिओसारखं येतं. मराठी अक्षरांनी त्रास दिला, ज्या फुकट एडिटरमध्ये आवाज जोडला त्यात जोडाक्षरं तुटत होती, वेलांटी भलत्याच अक्षरावर. सगळी नावं आणि शीर्षकं पाटीवर खडूने लिहून त्याचे फोटो घातले. मला तर तेच जास्त आवडलं. दोन ग्रुपचं अर्धवट राहिलं, एकाच्या टॅबचं स्टोरेज भरलं आणि कोणीतरी जागा करायला म्हणून आधीच्याच फ्रेम उडवल्या, दुसऱ्यातले दोघं लग्नाला गावी गेले ते पंधरा दिवसांनी आले.

पालकसभेतल्या त्या बाबांच्या प्रश्नाकडे येतो. प्रत्येक मुलाला एक यंत्र ही कल्पना आपल्या अगदी शेजारी करून बघितली गेली होती. रायगड जिल्ह्यातल्या खैराट गावात २००७ मध्ये 'एक मूल एक लॅपटॉप' योजनेचे ते हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते, भारतातला पहिला प्रयोग. त्या गावातल्या पोरांना फायदाच झाला नाही असं मी म्हणणार नाही, छोटी शाळा होती, पोरं रमली. पण हीच योजना पेरू देशात प्रचंड प्रमाणावर राबवली तेव्हा ३१९ शाळांचा अभ्यास झाला, २०१२ मध्ये निकाल आला, आणि गणित-भाषेच्या चाचण्यांत काही फरक दिसला नाही. मला याचं नवल वाटत नाही. निवटी ग्रुपमधल्या चौघांना चार टॅब दिले असते तर आजी विरुद्ध पुस्तक हे भांडण झालंच नसतं, चौघांनी चार चुकीचे सिनेमे शांतपणे पूर्ण केले असते. आमच्या वर्गात शिकणं झालं ते टॅबवर नाही, टॅबच्या खाली, बाकांच्या मधल्या त्या जागेत, आणि टॅब एकच असल्यामुळे चौघांना तिथे बसावंच लागलं. अर्थात हे निबंध लिहायला, वाचनाच्या सरावाला लागू नाही, तिथे एकाला एकच हवा.

गुण कसे द्यायचे यावर बाईंनी काढलेली पद्धत मला फार पटली. सिनेमा सुरू करायचा, मध्येच कुठेही थांबवायचा, आणि ग्रुपमधल्या कुठल्याही एकाला विचारायचं, पाणी या क्षणी इथे का आहे? दिसायला कसा झालाय याला गुण नाहीत. उत्तर एकाला नाही आलं तर गुण चौघांचे कमी. थोडं कडक आहे, पण त्यामुळे सादरीकरणाच्या आदल्या दिवशी ग्रुपमध्ये एकमेकांची जी तयारी घेणं चाललं होतं ते बघण्यासारखं होतं, हुशार पोरगा दुसऱ्याला ओरडून ओरडून शिकवत होता कारण त्याचे स्वतःचे गुण टांगणीला लागले होते.

आता निकाल, आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नंतर नेहमीची लेखी चाचणी झाली. दोन फुगवट्यांची आकृती बहुतेकांनी बरोबर काढली, बाई म्हणाल्या गेल्या कुठल्याच वर्षी एवढी बरोबर आली नव्हती. ५० मिनिटांचं कारण पण बऱ्याच जणांनी लिहिलं, काहींनी पाऊणकीसकट. पण उधाण आणि भांगाच्या भरतीचा प्रश्न, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला सूर्य-चंद्र एका रेषेत येतात म्हणून पाणी जास्त चढतं आणि अष्टमीला काटकोनात म्हणून कमी, तो वर्गाचा साफ पडला. बरोबर उत्तरं आली ती जवळपास सगळी जिताडा ग्रुपची. कारण सूर्य फक्त त्यांनीच ठेवला होता, स्टीलच्या ताटलीचा. बाकी सगळ्यांनी जिताडाचा सिनेमा बघितला होता, टाळ्या वाजवल्या होत्या, ताटली कशी चमकते यावर चर्चा पण केली होती, आणि तरीही डोक्यात काही राहिलं नव्हतं. म्हणजे पोरांना तेवढंच आलं जेवढं त्यांनी स्वतः हलवलं. दुसऱ्याचा सिनेमा बघणं हे शेवटी व्हिडिओ बघण्यासारखंच निघालं.

यावरून मी बाईंना म्हटलं की पुढच्या वर्षी सगळ्यांनाच सूर्य द्यायचा, आठ ताटल्या आणू, दोन तास जास्त लागतील. बाईंनी वार्षिक नियोजनाचा कागद काढून समोर ठेवला. या एका धड्याला ठरल्यापेक्षा तिपटीने जास्त तास गेलेत, कार्यानुभवाचे तास धरूनसुद्धा, आणि पुढचा हवेच्या दाबाचा धडा त्यांनी दोन तासांत उरकला होता. सूर्य हवाय तर कुठला धडा सोडायचा ते तुम्ही सांगा, म्हणाल्या. मी चंद्राची २४ फ्रेमची फेरी सगळ्यांची एकत्र घ्यायची आणि मग अर्ध्या ग्रुपनी उधाण, अर्ध्यांनी भांग करायचं असं सुचवलंय. त्यावर त्यांनी विचारलं की मग उधाणवाल्यांना भांग येईल कशावरून. तेवढ्यावर सध्या अडलंय.